रात्र काढलेली डबी

सासऱ्यांनी सूनबाईच्या नवऱ्याला ठोंब्या म्हणायला सुरुवात केली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता म्हणे. आता कानशिलांवरचे केस पांढरे झाले तरी नाव काही सुटलं नव्हतं. बापाने ठेवलेलं नाव गल्लीनेही उचललं. सूनबाई लग्न होऊन नवीन आली तेव्हा एकाने दारात उभं राहून खुशाल विचारलं, "ठोंब्याची बायको तूच का?" तिने त्याच्या तोंडावर दार आपटलं. तेव्हापासून "ठोंब्याची बायको तिखट आहे" असं गल्लीत बोललं जाऊ लागलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

घराच्या पुढच्या खोलीत कारखाना, मागे राहायच्या खोल्या. कारखाना कसला, दोन लेथ, एक लांब फळी आणि कोपऱ्यात लोखंडी शेगडी. लेथवर लाकूड कातून झाकणाच्या डब्या करायच्या, हा घरचा धंदा. सासऱ्यांना सगळे उस्ताद म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. त्यांच्या डबीचं झाकण नुसतं तोंडावर ठेवायचं, दाबायचं नाही. आतली हवा काठाकाठाने बाहेर पडत राहायची आणि झाकण आपलं आपण, सावकाश, खाली उतरायचं. शेवटी सुस्कारा टाकल्यासारखा बारीक आवाज यायचा, की डबी पास. मग उस्ताद तिच्या बुडाला आपला ठसा मारायचे. झाकण खडखडलं किंवा मध्येच अडलं, तर डबी शेगडीजवळच्या खोक्यात. तिथून आगीत. त्या घरात हिवाळाभर ऊब असायची ती चुकलेल्या डब्यांची.

आणि एक नियम होता, बापजाद्यांपासूनचा. डबी केल्या दिवशी तपासायची नाही. लाकूड रात्रीतून अंग बदलतं. संध्याकाळी चपखल बसलेलं झाकण सकाळी रुसून बसलेलं असतं. म्हणून डबीने एक रात्र फळीवर काढायची आणि सकाळी तिची परीक्षा व्हायची. उस्ताद म्हणायचे, "डबी आणि माणूस, दोघांना सकाळी उठल्यावर बघावं."

ह्याच नियमाने पुढे सगळा घोळ केला.

झालं असं, की मागच्या हिवाळ्यापासून उस्तादांचे हात थरथरायला लागले. कप धरला तरी बशी वाजायची. डोळ्यांवर साय आलेली, ती वेगळीच. पण सुंभ जळला तरी पीळ जातो का? रोज आंघोळ करून लेथवर बसायचे, पटाशी लाकडाला लावली की ती नाचायची, आणि संध्याकाळी एक वेडंवाकडं काहीतरी फळीवर ठेवून म्हणायचे, "झाली. हिला निजू दे."

पहिल्यांदा ते खडखडणारं झाकण नवऱ्याने पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. बाप जेवायला आत गेला तसा त्याने ती डबी उचलून खोक्यात तळाशी दडवली आणि तिच्या जागी आपली एक डबी ठेवली. लाकूड तेच, माप तेच. एकच गोष्ट वेगळी होती. झाकणाची आणि डबीची रेषा जुळावी म्हणून काठावर पटाशीच्या टोकाने बारीक खाच मारतात. उस्ताद डावखुरे, त्यांची खाच डावीकडे कललेली. नवऱ्याने तीही डाव्या हाताने तशीच मारायला शिकून घेतली.

सकाळी उस्तादांनी झाकण ठेवलं. ते उतरलं. सुस्कारा आला. म्हातारा खुलला. "बघ ठोंब्या, याला म्हणतात डबी! बघून ठेव, मी मेल्यावर कुणी दाखवणार नाही." आणि ठोक्, ठसा.

मग त्यांनी नवऱ्याची म्हणून शेजारी ठेवलेली डबी घेतली. त्याच हातांची, त्याच दिवसाची, तितकीच देखणी. झाकण तसंच उतरलं. उस्तादांनी नाक मुरडलं. "घाईत आहे. झाकणाला धीर नाही." गेली खोक्यात.

सूनबाई दारात भाजी निवडत बसली होती, तिच्या हातातली भाजी तशीच राहिली. आयत्या बिळात नागोबा म्हणतात ते हेच! नंतर तिने नवऱ्याला गाठलं. "अहो, दोन्ही तुमच्याच ना? एक डोक्यावर घेऊन नाचतात आणि एक आगीत घालतात, आणि तुम्ही नंदीबैलासारखे माना डोलावता?"

"राहू दे," तो म्हणाला. "हात गेलेत हे कळलं तर ते मरतील."

"आणि तुम्ही रोज मरताय ते?"

त्यावर तो जे बोलला ते तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. खाली बघत, शर्टावरचा भुसा झटकत तो म्हणाला, "माझीच डबी असते ना गं. त्यांच्या नावाने का होईना, चांगली म्हणतात. कानावर तर पडतं."

बाई गं! तिला रडू आलं आणि रागही आला, आणि तिच्या बाबतीत नेहमी व्हायचं तसं राग पुढे गेला. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. पैसा नको, ठसा नको, कारखाना नको. ह्या म्हाताऱ्याने मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या मुलाकडे बघून "चांगली झालीय" म्हणायला हवं होतं.

वर्षअखेरीच्या सुट्ट्या आल्या. भेटवस्तूंचा हंगाम. यंदा हवाच वेगळी होती. भेट द्यायची तर आपल्या भागातल्या छोट्या दुकानांतून, आपल्या माणसांच्या हातची, असं खूळ जिकडेतिकडे शिरलं होतं. कोपऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात तर मोठा फलक लागला, "इथलं घ्या, आपल्यांचं घ्या". दुकानवालीला सगळे रिबीनबाई म्हणत. ती कशालाही रिबीन बांधून विकू शकायची. एकदा तिने गल्लीतल्या टाकीचे दगड रंगवून, रिबीन बांधून, कागद उडू नये म्हणून ठेवायला विकले होते. आता बोला.

सूनबाईने खोक्यातल्या, नवऱ्याच्या नाकारलेल्या डब्या काढल्या, पुसल्या आणि तिच्याकडे नेऊन ठेवल्या. उगाच जाळायच्या कशाला? शिवाय कोणीतरी हातात घेऊन "वा" म्हणेल, तेवढंच.

आठवडा गेला, एक डबी हलली नाही. रिबीनबाई ओशाळं हसत म्हणाली, "काय आहे ना, लोकांना वाटतं ही मशीनची आहे. इतकी गुळगुळीत, इतकी गोल! हाताची वस्तू जरा हाताची वाटायला हवी."

"म्हणजे वाकडी?"

"वाकडी नाही गं, जिवंत!" मग तिने काउंटरखालून एक डबी काढली. "ही बघ, ही तुझ्याच पिशवीतून आली, पहिल्या दिवशी. ठेवल्या ठेवल्या तीन जणी हिच्यावर तुटून पडल्या. मीच ठेवून घेतली, नमुना म्हणून. अशा आण."

सूनबाईने डबी हातात घेतली. झाकण खुळखुळलं. काठावर डावीकडे कललेली खाच. उस्तादांची! खोक्याच्या तळातून चुकून आली होती.

ती घरी येईपर्यंत एकटीच हसत होती. पिकतं तिथे विकत नाही, हे तिला ठाऊक होतं. सडतं ते मात्र हातोहात विकतं, हे आज कळलं. दुसऱ्या दिवसापासून तिने खोक्यातल्या उस्तादांच्या डब्या पिशव्या भरभरून न्यायला सुरुवात केली. रिबीनबाईने कार्ड छापलं, "प्रत्येक डबी वेगळी. हिच्यात माणसाचा हात दिसतो." सूनबाई ते कार्ड वाचून मनात म्हणायची, दिसतो तर! बशी वाजवणारा हात दिसतो. उस्तादांचा कचरा लोक रिबीन बांधून घरी नेत होते, याचा तिला जो आनंद व्हायचा तो काही शहाण्या माणसाचा आनंद नव्हता, पण होता खरा. नवऱ्याला तिने सांगितलं नाही. त्याला वाटायचं डब्या शेगडीत जातात.

सुट्टीला नणंद आली. उस्तादांची लाडकी. मोठ्या शहरात मोठ्या पदावर, आणि दर वर्षी नवा ध्यास घेऊन यायची. मागच्या वर्षी साखर सोडलेली, त्याच्या आधी चपला सोडलेल्या. यंदा आल्या आल्या पिशव्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मी ठरवलंय, एकही भेट मोठ्या दुकानातून घ्यायची नाही. सगळं छोट्या कारागिरांचं. आपणच आपल्या माणसांना जगवायला हवं. काय?"

सूनबाई चहा ओतत म्हणाली, "हो ना वन्सं. आपल्या माणसांना जगवायला हवंच." ह्या बाईने सख्ख्या भावाची एक डबी आयुष्यात विकत घेतली नव्हती. जाताना पिशवीत घालून न्यायची, "ही मी नेते हं" म्हणत.

दुपारची जेवणं झाली, भेटी निघाल्या. भावाला हाताने विणलेली टोपी, जी त्याच्या डोक्यात शिरेना. सूनबाईला घरगुती साबण, ज्याला घरगुतीच वास येत होता. आणि शेवटी, बाबांसाठी. "हे मात्र खास! इथेच कोपऱ्यावर मिळालं. तुमच्या गोळ्या ठेवायला. म्हटलं, बाबांना कळेल की तुमची कला अजून जिवंत आहे, नवीन मुलं करतायत."

निळी रिबीन. कार्ड. सूनबाईने ते कार्ड लांबूनच ओळखलं.

उस्तादांनी डबी तळहातावर घेतली. बोटं थरथरत होती, पण त्या बोटांना अजून सगळं कळत होतं. झाकण फिरवलं. खुळखुळ आवाज आला. काढलं, पुन्हा तोंडावर ठेवलं. ते उतरलं नाही, पडलं. मग अंगठा काठावरून फिरत गेला आणि खाचेपाशी थांबला. बराच वेळ थांबला. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"काय झालं बाबा? आवडली नाही?"

उस्तादांनी डोळे वर उचलले आणि मुलाकडे पाहिलं. "माझी खूण मारतोस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझी खूण मारून हा कचरा बाजारात विकतोस. माझ्या पाठीमागे. माझ्या लेकीने विकत आणला म्हणून कळलं."

"बाबा, मी..."

"तू ठोंब्या आहेस हे मला माहीत होतं. चोर आहेस हे आज कळलं." उस्ताद उठले, पुढच्या खोलीत गेले आणि रिबिनीसकट डबी शेगडीत टाकली. परत येऊन बसले. "माझ्या ठशाला हात लावायचा नाही. मी मेलो तर तो माझ्याबरोबर जाईल. नाहीतर ही नेईल, हिच्या भिंतीवर टांगायला. तिथे निदान त्याची अब्रू राहील."

नणंद भावाकडे बघून म्हणाली, "शी! अरे, विचारायचं तरी मला. मी तुला काहीतरी दुसरं काम बघून दिलं असतं."

नवरा उभा होता, डोक्यावर ती न शिरणारी टोपी तशीच. त्याने बायकोकडे पाहिलं. डब्या दुकानात कशा गेल्या हे त्याला त्या क्षणी कळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची त्याला सवयच होती. तिला नव्हती.

"मामंजी," सूनबाई म्हणाली, "ती डबी तुमची आहे. मी नेली दुकानात. ह्यांनी नाही. खोक्यात पडलेली होती, कारण तुमच्या सगळ्या डब्या खोक्यातच जातात. मागच्या हिवाळ्यापासून. सकाळी ज्यांना तुम्ही ठसा मारता ना, त्या ह्यांच्या असतात. तुम्ही निजायला ठेवता एक आणि उठते दुसरी."

शेगडीतली डबी तडकल्याचा आवाज आत ऐकू आला.

"गप्प बस!" नवरा ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला. मग बापाकडे वळून म्हणाला, "खोटं बोलतेय ती, बाबा. मी केली ती डबी. मीच."

"अस्सं?" सूनबाई पेटली होती. "मग होऊन जाऊ दे. मामंजी, आत्ता बसा लेथवर. आमच्या सगळ्यांसमोर एक डबी करा. आज रात्री ती फळीवर नाही राहणार, माझ्या कपाटात राहील, किल्ली माझ्या उशाखाली. उद्या सकाळी वन्संसमोर झाकण ठेवा."

उस्ताद तिच्याकडे बघत राहिले. मग लेकीकडे. लेक "बाबा, दाखवाच हिला" म्हणाली. मागे फिरायची वाट राहिली नाही. ते उठले आणि लेथवर बसले.

कोणी जवळ बसून पाहू नये असं ते होतं. पटाशी लाकडावर धडधडत होती, ढलप्या सलग निघायच्या त्या तुकड्या-तुकड्यांनी उडत होत्या. दोनदा पटाशी हातातून सुटली. नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि बापाच्या प्रत्येक झटक्याबरोबर त्याचा हात आपोआप पुढे यायचा, मागे जायचा. दिवस कलला तेव्हा डबी तयार झाली. सूनबाईने ती फडक्यात गुंडाळली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली उशाखाली सरकवली. तिला वाटलं, झालं, उद्या ह्या घरात खरं बोललं जाईल.

झोपताना नवरा म्हणाला, "का केलंस?"

"तुमच्यासाठी."

"मला नको होतं." त्याने पाठ फिरवली. दमलेली होती, तिला लगेच झोप लागली.

सकाळी सगळे पुढच्या खोलीत जमले. नणंदेची बॅग भरून दारात, दुपारची गाडी होती. सूनबाईने स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं, फडकं तसंच आणलं आणि उस्तादांच्या पुढ्यात उलगडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, त्यातली गत.

उस्तादांनी झाकण तोंडावर ठेवलं आणि हात काढून घेतला.

झाकण क्षणभर थबकलं. मग सावकाश, अगदी सावकाश, एकाही बाजूला न कलता खाली उतरत गेलं. नणंद श्वास रोखून बघत होती. शेवटी तो सुस्कारा आला.

"अगं बाई, किती सुंदर!" नणंदेने टाळी वाजवली. "आणि ह्या हातांना ही बाई नावं ठेवत होती!"

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिच्या उशाखालून किल्ली काढायला त्या घरात दुसरं कोण होतं? तिला वाटलं होतं आपण पुरावा घेऊन चाललोय, आणि आपलाच फास फडक्यात गुंडाळून आणला होता.

उस्तादांनी ठसा मारला. हात थरथरला, ठसा जरा वाकडा उमटला, पण तिकडे कोणी पाहिलं नाही. डबी त्यांनी लेकीच्या हातात दिली. "ही ने. ही खरी भेट."

"आणि हिचं काय?" लेकीने सूनबाईकडे मान वेळावली. "वडीलधाऱ्यांना खोटं पाडायचं, नवऱ्याच्या चोऱ्या पोटात घालायच्या!"

सूनबाईने तोंड उघडलं. पण तिच्या आधी नवरा बोलला. हलकेच, तिच्याकडे न बघता.

"माफी माग बाबांची."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"माफी माग."

ज्याच्यासाठी मरमर मेली, तो माणूस. तिच्या कानशिलात कोणी मारली असती तरी इतकं लागलं नसतं. ती उस्तादांसमोर गेली आणि म्हणाली, "चुकलं माझं, मामंजी. तुमच्यासारखी डबी ह्या घरात दुसऱ्या कुणाला जमायची नाही." म्हणताना ती बघत होती नवऱ्याकडे. त्याचा चेहरा हलला नाही, फक्त त्याने शर्टावरचा नसलेला भुसा झटकला. तिला बरं वाटलं. हो, खोटं कशाला बोला, बरंच वाटलं.

दुपारी नवरा बहिणीला सोडायला स्टेशनवर गेला. सूनबाई पुढच्या खोलीत झाडू मारत होती. उस्ताद शेगडीजवळ बसले होते, हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे थरथर दिसू नये.

"सूनबाई," ते म्हणाले, "ती डबी माझी होती. निळ्या रिबिनीची. खाचेवर अंगठा गेला तसा ओळखली."

झाडू थांबला.

"आणि सकाळची त्याची होती. मला माहीत होतं तो बदलणार. तू किल्ली उशाखाली ठेव नाहीतर गिळून टाक, तो बदलणारच. मी माझ्या पोराला ओळखतो."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या सकाळपासून." म्हातारा शेगडीकडे बघत बोलत होता. "हात गेलेत गं माझे. बोटं नाही गेली. माझ्या डबीचं झाकण उतरायचं ना, ते शेवटी जरा घाई करायचं. मी भरात होतो तेव्हासुद्धा. याचं नाही करत. शेवटपर्यंत एकाच चालीने उतरतं. असं मला कधी जमलं नाही. माझ्या बापालाही नाही."

सूनबाईने झाडू जमिनीवर आपटला. "मग त्यांच्या डब्या आगीत कशाला टाकता? काल लेकीसमोर चोर ठरवलंत! मला खोटारडी केलीत!"

"लेकीसमोर काय सांगू? की मी संपलो?" उस्ताद पहिल्यांदा तिच्याकडे वळले. डोळ्यांतल्या सायीतून पाणी येत होतं. "त्याची चांगली म्हटली, की मग मी कोण? कोपऱ्यात बसून खोकणारा म्हातारा. आणि माझ्या बापाने मला कधी म्हटलं होतं? मी ही वाट बघत बसलो. तो मेला, आणि मी वाट बघतच राहिलो." त्यांनी नजर पुन्हा शेगडीकडे वळवली. "काल तो माझ्यासाठी चोर झाला. उभ्या उभ्या. तेव्हापासून छातीत काहीतरी अडकलंय. त्याला सांगायला हवं. पण माझी जीभ वळत नाही, सूनबाई. रात्रभर प्रयत्न केला. ठोंब्या म्हणायची सवय लागलीय तिला. तू सांग."

"काय सांगू?"

"सांग, बाबा म्हणाले, माझ्यापेक्षा चांगली. बस्स. एवढंच सांग. सांगशील ना?"

वर्षभर तिला जे हवं होतं ते म्हाताऱ्याने असं अलगद तिच्या पदरात टाकलं होतं. न मागता. ती म्हणाली, "सांगते."

नवरा परत आला तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. तो दारात घुटमळला. बापासमोरून आत येताना त्याला काहीतरी जाणवलं असावं. म्हातारा आज त्याच्याकडे बघून ठोंब्या म्हणाला नव्हता, नुसता बघत राहिला होता.

"बाबा आज काही म्हणाले का गं?" त्याने विचारलं. "माझ्याकडे जरा वेगळेच बघतायत."

तिने नळ बंद केला. हात पुसले. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर वाट बघणं इतकं स्पष्ट होतं, की लहान पोराच्या तोंडावर असावं. आणि त्याच तोंडातून सकाळी "माफी माग" निघालं होतं. एकदा नाही, दोनदा. शब्द तिच्या जिभेवर होते. नुसते सोडायचे होते, आपले आपण उतरले असते.

"म्हणाले ना," ती म्हणाली. "म्हणाले, झाकणाला अजून धीर नाही. शिकायला सांग त्याला."

त्याने मान हलवली, जशी तो रोज हलवायचा, आणि पुढच्या खोलीत गेला. म्हाताऱ्याने आशेने मान वर केली. मुलाने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने लेथ सुरू केला.